आतली लेन

“ए, थांब. कुणाला ओरडलीस तू?”

माझ्या टी-शर्टची मागची बाजू त्याच्या मुठीत होती. गळपट्टी गळ्यात रुतली होती. मी गुडघ्यांवर पडले होते आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता.

झालं होतं एवढंच. मी शेवटची फेरी पळत होते. वळण संपवून सरळ पट्ट्यात आले, तर पुढं चौघंजण आतली लेन अडवून गप्पा मारत चालले होते. मी लांबूनच ओरडले, “ट्रॅक!” पळणारी माणसं असंच ओरडतात. मागून कुणीतरी वेगात येतंय, आतली लेन सोडा, एवढाच त्याचा अर्थ. त्यात शिवी नाही, राग नाही. तिघं बाजूला झाले. चौथा झाला नाही. मी त्याला वळसा घालून पुढं निघाले आणि त्यानं मागून धरलं.

तो आमच्या शहरातला मोठा डॉक्टर. स्वतःचं हॉस्पिटल आहे. आम्ही पळतो ते मैदान सात रस्ता चौकापासून चालत जाण्याजोगं, त्यातल्या निम्म्या बाकड्यांवर त्याच्या आईवडिलांची नावं आहेत. सगळे डॉक्टरसाहेब म्हणतात. मीही म्हणायचे. इथं नुसतं डॉक्टर लिहिते.

“नाव काय?”

सांगितलं.

“पूर्ण सांग.”

आडनावासकट सांगितलं. त्यानं बरोबरच्यांकडं बघितलं आणि हसला. “वाटलंच मला.”

मग म्हणाला, “तुमच्या लोकांना सवलती देऊन देऊन ही वेळ आलीय. आता रस्तापण आम्हीच सोडायचा का?” बाकीचे तिघं मोबाइलकडं, झाडाकडं, बुटाच्या नाडीकडं बघायला लागले. त्यातला एक वकील आहे.

“जा. त्या वळणापर्यंत परत जा. तिथनं बाहेरच्या बाजूनं ये. आणि इथं आलीस की नीट विचार, साहेब, जाऊ का म्हणून.”

मी गेले.

हे लिहिताना आत्ताही अंगाची लाही होते. कुणी बंदूक लावली नव्हती. माझ्या पायांत त्या चौघांपेक्षा जास्त ताकद होती. तरी मी उठले, गुडघ्याची माती झटकली, वळणापर्यंत चालत गेले, बाहेरून पळत आले, त्याच्यासमोर थांबले आणि म्हणाले, “साहेब, जाऊ का?”

“जा,” तो म्हणाला.

लांब उडीच्या खड्ड्याजवळ आम्हाला पळायला शिकवणारे सर उभे होते. त्यांच्या हातात माझ्यासाठी लावलेलं घड्याळ होतं. त्यांनी सगळं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितल्यावर ते मोजपट्टी गुंडाळायला लागले.

मी एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर बसते. वय सव्वीस. दिवसभर शाळेच्या चड्ड्या आणि मुलींचे पिनाफोर. शाळेत असताना पळायचे, मग वडिलांची पाठ गेली आणि माझं कॉलेज सुटलं. पळणं मात्र सुटलं नाही. सर निवृत्त पीटी मास्तर आहेत, आम्हा चारपाच मुलींना पैसे न घेता शिकवतात. माझी शर्यत पंधराशे मीटर. लोक विचारतात, मॅरेथॉन का नाही पळत, मेडल मिळतं, टी-शर्ट मिळतो, केळं मिळतं. मला केळं नको. मला ट्रॅक आवडतो. ट्रॅकवर लपायला जागा नाही. कोण कुठं आहे ते सगळ्यांना दिसतं.

आमच्या कारखान्यात सगळ्यांच्या मोबाइलवर क्रिकेट. माझ्या मोबाइलवर शर्यती. केनियातल्या, इथिओपियातल्या पोरी, युरोपातली मैदानं, नावं वाचताना जीभ अडखळते पण चाल ओळखते मी त्यांची. कोण शेवटच्या फेरीसाठी दम राखून ठेवतंय, कोण आतल्या बाजूला कोंडली जाणार, हे मला आधी कळतं. कळलं की मी मशीनवर बसूनच पाय हलवायला लागते आणि सुपरवायझर ओरडतो.

आता त्या चालणाऱ्यांविषयी. मैदानाच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे, चालणाऱ्यांनी बाहेरच्या लेन वापराव्यात. डॉक्टर रोज त्या पाटीखालून येतो. त्याला माहीत आहे. वकिलालाही माहीत आहे. न कळणाऱ्या माणसाचा राग धरता येत नाही. पण हे कळून सवरून आतून चालतात, कारण आतली लेन ही मानाची जागा आहे असं त्यांनी ठरवून टाकलंय. तब्येतीसाठी येतात म्हणे. फेऱ्या कमी, गप्पा जास्त, आणि मग बाकड्यावर बसून चहाबिस्कीट.

चार वर्षं मी त्यांच्या बाहेरून पळाले. चौथ्या-पाचव्या लेनमधून. बाहेरची फेरी लांब असते, हे शाळेतल्या पोराला पण कळतं. म्हणजे चार वर्षं मी रोज जास्त पळाले आणि ते जास्त पळणं कुठल्याच वेळेत धरलं गेलं नाही. त्या दिवशी सरच म्हणाले होते, “आज आतून पळ. राज्य स्पर्धेची निवड चाचणी जवळ आली, खरी वेळ कळली पाहिजे.” म्हणून मी आतून पळाले. म्हणून ओरडले.

कारखान्यात गेले तेव्हा मान लाल झालेली. शेजारच्या मशीनवर शाहीन आपा बसतात. त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

“तू गाली दी क्या उसको?”

“नाही.”

“हटो बोली, इत्ताच ना? फिर?” दोरा तोडत त्या थांबल्या. “और तू वापस गई? कायकू गई?”

मी पुढची चड्डी मशीनखाली सरकवली. दिवसभर मशीन चालत होतं आणि डोक्यात तेवढंच. कायकू गई. त्याच्या बोलण्याचा राग येत होताच, पण त्याहून जास्त राग माझ्या पायांचा येत होता. एवढी वर्षं ज्यांना सांभाळलं, तेल लावलं, त्यांनी त्याचं ऐकलं. मला विचारलंही नाही.

संध्याकाळी आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. मार्केट यार्डात हमाली केली आयुष्यभर, आता पाठीनं वाकलेत. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, “बरं केलंस मागं गेलीस ते. मोटी मान्सं हायेत. आपलं काय झिजतंय का?”

आबा अक्कलकोटकडच्या एका खेड्यातले. तिथं त्यांचे वडील, समोरून गावातलं मोठं माणूस आलं की रस्ता सोडून खाली उतरायचे. चिखल असो, काटे असोत. आबा हे हसत सांगतात, जुनी गंमत सांगावी तसं. पण त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत गेले आणि पहिल्यांदा नीट बघितलं. रस्ता मोकळा होता. एक गाडी नाही, माणूस नाही. तरी आबा अगदी कडेनं चालत होते, गटाराला लागून, एक पाय मातीत. सव्वीस वर्षं मी हे बघत होते आणि मला ती त्यांची चाल वाटत होती.

शाहीन आपांना द्यायचं उत्तर मला तिथं मिळालं. मी परत का गेले, तर आमच्या घरात परतच जातात. आजा खाली उतरला, बाप कडेनं चालला, मी बाहेरच्या लेनमधून पळाले. आणि मी समजत होते की मी फार पुढं आलेय. मला तिथंच रडू आलं. आबांना वाटलं गुडघा दुखतोय.

घरी येऊन मोबाइलवर पाच हजार मीटरची एक शर्यत लावली. एक पोरगी बरीच मागं पडली होती, पुढच्यांनी तिला एका फेरीनं गाठलं. ती गुपचूप बाहेर सरकली, पुढच्या निघून गेल्या, ती पुन्हा आत आली आणि आपली शर्यत पुरी करायला लागली. कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही. जी वेगात ती आतून, जी हळू ती बाहेरून. मला हा खेळ का आवडतो ते मी तोवर कधी कुणाला सांगू शकले नव्हते. यासाठी आवडतो.

दोन दिवसांनी सरांनी बोलावलं. आवाज खाली. “डॉक्टरसाहेब फार दुखावलेत. सगळ्या ग्रुपसमोर अपमान झाला म्हणतात.”

“त्यांचा?”

“ऐकून घे. ते जिल्हा ॲथलेटिक्स संघटनेवर आहेत. चाचणीला नावं त्यांच्या हातून जातात. रविवारी चहाला सगळे असतात, तिथं ये आणि चुकलं म्हण. एक शब्द. मग तू, मी आणि तुझी राज्य स्पर्धा.”

“सर, आतून पळ म्हणून तुम्हीच सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं की. पण ओरड म्हणून नव्हतं सांगितलं.”

मला सरांचा तिरस्कार करता आला असता तर बरं झालं असतं. येत नाही. या माणसानं मला पळायला शिकवलं, स्वतःच्या पेन्शनीतून माझे स्पाइक्सचे बूट आणले. आणि हाच माणूस मला सांगत होता की मानेवरचा वळ विसर. राज्य स्पर्धा म्हणजे काय होतं माझ्यासाठी ते त्यांना माहीत होतं. राज्यात पळाले की खेळाडू म्हणून नोकरीची थोडी वाट उघडते. ओव्हरलॉकवरून उठायची माझी ती एकच वाट होती. चुकलं. एक शब्द. मी रात्रंदिवस तो शब्द म्हणून बघितला. खरं सांगते, म्हणायचं ठरवून टाकलं होतं.

रविवारी गेले. बाकड्यांवर सगळे बसलेले, कागदी कपात चहा. डॉक्टर अगदी प्रेमानं बोलला. “ये बाळ, ये. मनात काही ठेवू नकोस. आपल्याला फक्त शिस्त पाहिजे.” मारणाऱ्यापेक्षा असं बोलणारा जास्त जड जातो. वकिलानं मला बिस्किटाचा पुडा पुढं केला.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

“लेकरू हाय, साहेब. चुकलं तिचं. तिच्या वतीनं मी माफी मागतो.”

आबा होते. रविवारचं घरी मीच बोलले होते, पण ते मला न सांगता आले होते. स्वच्छ धुतलेला सदरा घालून, हात जोडून. आणि उभे कुठं होते? ट्रॅकच्या बाहेर. कडेच्या गवतात. ट्रॅकवर पाय ठेवायची परवानगी आपल्याला नसेल असं त्यांना वाटलं होतं. वाकलेली पाठ आणखी वाकवून तिथनंच ते हात जोडत होते, आणि बाकड्यावरचं एकही माणूस त्यांना आत या म्हणालं नाही. डॉक्टर मान हलवत होता. त्याला बरं वाटत होतं. ते मला दिसलं.

माझ्या ओठावर आलेला शब्द तिथंच मेला.

“आबा, हात खाली घ्या.”

“आगं, गप की.”

“हात खाली घ्या म्हणते ना.”

मी जाऊन त्यांचे हात धरले आणि खाली ओढले. मग डॉक्टरकडं वळले. मला वाटलं होतं माझा आवाज फुटणार नाही. चांगला फुटला.

“माझं काही चुकलेलं नाही. तुम्ही आतल्या लेनमधून चालता, ते चूक आहे. तुम्ही माझा गळा आवळला, ते चूक आहे. माझं आडनाव विचारून हसलात, ते तर फारच चूक आहे. माफी तुम्ही मागायची. माझी मागा आणि यांचीपण मागा.”

डॉक्टरनं कप बाकड्यावर ठेवला. मग प्रेमाचा सूर गेला. “बघतो तू कुठं पळतेस ते.”

“इथंच,” मी म्हणाले.

माझं नाव चाचणीला गेलं नाही. कारण विचारलं तर संघटनेतला एकजण म्हणाला, मुदत संपली. चाचणी आमच्याच मैदानावर झाली. मी गॅलरीत बसून बघितली. पंधराशे मीटर जिंकली ती मुलगी चांगली पळाली, तिचा काही दोष नाही, मी टाळ्या वाजवल्या. तिची वेळ माझ्या वेळेपेक्षा कमी नव्हती, म्हणजे मी तिच्या मागं राहिले नसते. सर येऊन शेजारी बसले. म्हणाले, “एक वर्ष घालवलंस.” आबा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. अजूनही म्हणतात, एक शब्द बोलली असतीस तर नोकरी लागली असती. कदाचित लागली असती. अजूनही ते रस्त्याच्या कडेनंच चालतात आणि मला ते बदलता येत नाही.

शेवटी सगळं नीट झालं असं मला लिहिता येत नाही. काही नीट झालेलं नाही. डॉक्टर अजून संघटनेवर आहे. फाटकावरच्या माणसाला मला अडवायला सांगितलं होतं. मी त्याला म्हणाले, मैदान महापालिकेचं आहे, अडवायचं तर तसं लिहून दे. त्यानं फाटक उघडलं. आता पुढच्या चाचणीला मी कुणाच्या हातून नाव पाठवणार नाही. स्वतः जाऊन देणार, पोच घेणार. नाकारलं तर सगळ्यांसमोर कारण विचारणार, आणि कारण मिळेपर्यंत सुरुवातीच्या रेषेवर उभी राहणार. उचलून न्यायचं असेल तर उचलून न्या. चालत मी बाजूला होणार नाही.

तोवर रोज उजाडताना मी मैदानात असते. ते चौघं अजून येतात. आणि मी आतल्या लेनमधून पळते. ज्याला हळू चालायचंय, त्यानं बाहेर व्हावं.