तैवानच्या चहावाल्या बाईंचं कार्ड

मंडळी, दुबईत इतकी वर्षं व्यापार करते आहे, पण आज माझी मलाच लाज वाटली.

इथे तैवानी लोकांचा सांस्कृतिक मेळा भरलाय. मी चहा आयात करते, म्हणून लेकीला घेऊन गेले. एका स्टॉलवर साठीच्या एक बाई आपल्या डोंगरावरचा चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, नाव सावकाश वाचलं आणि ते किटलीशेजारी सरळ मांडून ठेवलं. मग आपलं कार्ड तसंच दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

मी ते एका हाताने घेतलं, पेन काढलं आणि त्यावरच खरडलं: पन्नास खोकी, रास अल खोर गोदाम. इथल्या बाजारात आम्ही सगळे हेच करतो. बाईंचं हसू मावळलं. त्यांनी पुढचा पेला भरला, पण बोलणं हो-नाहीवर आलं. "यल्ला, चला, ईमेल करते," म्हणून मी निघाले.

गाडीत लेक म्हणाली, "ममा, यू रोट ऑन हर नेम!"

"अगं, साधं कार्ड आहे ते."

"कागदाला पाय लागला तर यू मेक मी डू नमस्कार! व्हॉट वॉज हर नेम?"

मी कार्ड काढलं. नाव माझ्या शाईखाली गेलं होतं, आणि मी ते वाचलंच नव्हतं.

उद्या मेळ्याचा शेवटचा दिवस. मी माफी मागायला जाणार आहे. पण तुम्हीच सांगा, त्यांना हाक कोणत्या तोंडाने मारू?