शिबिरात मी बाहेर थांबलो

बायकोला अर्धांगवायू झाला तेव्हा निम्म्या घाटनांदूरनं मला एकच विचारलं, "घरात बाईमानूस कोन हाय?" कोणी नव्हतं. मुलगी लातूरला सासरी, तिची लेकरं लहान. मग जन्मभर भुसाराच्या दुकानात बसलेला मी दुकानाला कुलूप लावून वेणी घालायला शिकलो. वेणी वाकडी यायची. तिची वाचा गेली होती म्हणून निभावलं, नाहीतर तिनं माझी चांगलीच खरडपट्टी काढली असती.

मदतीला एकट्या शेजारच्या वहिनी. वय झालेल्या, विधवा. रोज दुपारी दोनला येऊन तासभर बसायच्या आणि कोणाची म्हैस व्याली, कोणाची सोयरीक मोडली ते सांगायच्या. बायको अर्ध्या तोंडानं हसायची. दिवसभरात ती तेवढंच हसायची.

घरी आजाऱ्याचं करणाऱ्यांसाठी तालुक्याला एक दिवसाचं शिबिर आहे असं कळलं. वहिनींना बायकोजवळ बसवून मी गेलो. मंगल कार्यालयात पंचवीसेक बाया आणि मी. नर्सबाई म्हणाल्या, "काका, पेशंटचं जे करतात त्यांनाच पाठवायचं होतं." म्हटलं, "मीच करतो." दोघीतिघींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

नवरा-नवरीच्या स्टेजवर खाट टाकली होती. कूस कशी बदलायची, पाठ कशी तपासायची हे दाखवायला बायांतलीच एक खाटेवर आडवी झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. बाहेर जा असं कोणी म्हणालं नाही. आमच्याकडे असलं सांगत नाहीत, पुरुषानं ओळखायचं असतं. मी ओळखलं आणि उठलो. हात धुण्याच्या नळापाशी तासभर उभा राहिलो, आचाऱ्याकडून चहा घेतला. आपण किती रीतीचे, असंही मनात येऊन गेलं. आज त्या रीतीची चीड येते.

जेवणानंतर मन मोकळं करायचा कार्यक्रम होता. एक सून म्हणाली, कधी कधी वाटतं सासू मरावी, आणि रडायला लागली. तिला कोणी बोललं नाही, उलट नर्सबाईंनी पाठीवर हात ठेवला. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, "आमचं बरं चाललंय." त्याच सकाळी बायकोनं घास थुंकला म्हणून मी ताटली भिंतीवर भिरकावली होती.

पुढं महिन्याभरात तिच्या माकडहाडावर रुपयाएवढी जागा लाल झाली. लाल झालं, सुजलं, लचकलं की तेल, एवढं लहानपणापासून ठाऊक. करडईच्या तेलात लसूण कढवून सकाळ-संध्याकाळ चोळायला लागलो, चांगला जोर लावून. ती कण्हायची. मी विचारायचो, "बरं वाटतंय ना?" खरं सांगायचं तर ती वेळ मला आवडायची. हगणंमुतणं काढण्यापलीकडे काहीतरी तिच्यासाठी करतोय असं वाटायचं. पंधरा दिवसांत कातडी फाटली.

शिबिरातल्याच नर्सबाई पट्टी करायला घरी आल्या. जखम बघून म्हणाल्या, "ही जागा चोळली कुनी? लाल झालेलं चोळायचं नसतं काका, आतलं मांस मरतं. शिबिरात सगळ्यात आदी तेच दाखवलं होतं."

मी, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "शेजारच्या वहिनी बसतात ना दुपारच्या. त्यांनीच."

बायको जागी होती. तिला ऐकू सगळं येतं. तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून सोसत नाही.

नर्सबाई चांगल्या. जाता जाता शेजारी शिरल्या आणि वहिनींना गोडीत समजावून गेल्या. संध्याकाळी वहिनी आमच्या दारात आल्या, पण उंबऱ्याच्या आत नाही. "भाऊजी, म्या चोळलं म्हनं. मला तर काईच आठवंना. पन आता डोकं ऱ्हात न्हाई, लावला बी असंल हात. माफी करा."

मी म्हणालो, "असू द्या, वहिनी." म्हणजे मी त्यांना माफ केलं!

तेव्हापासून त्या आल्या नाहीत. माझ्या हातून आनिक काई वंगाळ नको व्हायला, असं आमच्या मुलीजवळ फोनवर म्हणाल्या. जखम हाडापर्यंत गेली आहे. तिच्या रक्तातल्या साखरेमुळं आता भरणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. वहिनींचं दार दहा पावलांवर आहे. चारदा त्यांच्या ओट्यापर्यंत जाऊन परत आलो. खरं सांगितलं तर त्या येतील, हे मला माहीत आहे. तरी पाय पुढं होत नाही.

आता दर दोन तासांनी कूस बदलतो, अगदी नर्सबाईंनी दिलेल्या पत्रकात लिहिलंय तशी. फक्त दुपारी दोनला नियम मोडतो. तेव्हा कुठल्याही कुशीची पाळी असली तरी मी तिचं तोंड भिंतीकडे करतो. दाराकडे असलं की ती वाट बघते.