चोची दाराकडे

नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणारे काका चहाला आले की दाराबाहेर चपला काढतात, त्याही टोकं घराकडे करून. मग कपाळाला आठ्या घालून हॉलमधल्या चित्रासमोर उभे राहतात. चित्र माझ्या मुलीने काढलेलं आहे. निळी पानं, झुमक्यांसारखी लोंबणारी फुलं आणि मोराच्या शेपटीचे दोन पोपट.

"वहिनी, चोची दाराकडे आहेत. अशाने घरातलं माणूस बाहेर जातं."

"काका, नुसती नक्षी आहे हो ती."

"मग नक्षीला डोळे कशाला?"

हे दर वेळचं. त्या दिवशी मात्र मुलगी व्हिसाच्या मुलाखतीला गेलेली आणि माझा जीव टांगणीला लागलेला. चहा घेऊन बाहेर आले, तर काकांनी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्या खिळ्याला चित्र अडकवलेलं. आता चोची स्वयंपाकघराकडे. चहा न घेताच ते निघून गेले.

माझं डोकंच फिरलं. जाब विचारायला तणतणत जिना उतरले. त्यांच्या दाराबाहेर जुने बूट होते, ताजं पॉलिश केलेले, टोकं घराकडे. मी ओळखले. कित्येक वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेलेल्या, अजूनही न परतलेल्या त्यांच्या मुलाचे.

बेल न वाजवता मी वर आले. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, मिळाला व्हिसा!"

मी तिचं तोंडभरून कौतुक केलं. चित्राला मात्र हात लावला नाही.