शनिवारचं चार्जिंग

आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी शिकवत होते. मुलांसाठी दहा टॅब आले आणि त्याच दिवशी कपाटात गेले. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. म्हणायचे, "बाई, रजिस्टरला नोंद हाय. पुढच्या वर्षी मी रिटायर होताना एक जरी फुटका निघाला, तर माझी पेन्शन अडंल." अहो, मग पोरांनी काय कपाटाकडं बघून शिकायचं?

बॅटरी खराब होऊ नये म्हणून दर शनिवारी तेवढे टॅब बाहेर निघायचे. मी ते खिडकीपाशी ओळीनं चार्जिंगला लावायचे. मुलं भोवती गोळा व्हायची आणि मी त्यांच्यावर खेकसायचे, "लांब व्हा! हात लावायचा नाही!" चार्जिंग झालं की टॅब पुन्हा कपाटात.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांच्यासाठी टॅब बेंचवर मांडले. काचेवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. साहेबांनी चौथीतल्या एका मुलीला विचारलं, "टॅबवर काय काय शिकलीस गं?"

ती हाताची घडी घालून उभी राहिली. "हात लावायचा न्हाई, हे शिकले."

साहेब हसले. मुख्याध्यापकही हसले. त्या क्षणी मला मुख्याध्यापकांची गचांडी धरावीशी वाटली. पण ती मुलगी त्यांच्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, उत्तर बरोबर आलं ना म्हणून.