ताईच्या कुंड्यांतला युरिया

रोह्याच्या ताईचे आयरिसच्या फुलांचे गड्डे तिच्याकडच्या कामाच्या बाईने पाणी जास्त घालून मारले, असं आमच्या घरात सगळे इतकी वर्षं समजत होते. ते खोटं आहे. ते मी मारले.

मेहुण्यांची बदली डोंगराळ भागात होती तेव्हा ताईने तिकडून हे गड्डे आणले. निम्मे तिने पेणला मला दिले. खताचं तिचं गणित साधं होतं. दसरा झाला की मूठभर राख आणि हाडांचा चुरा. कळ्या दिसल्या की शेणाचं पातळ पाणी, फुलं सरली की आणखी एकदा. पावसाळाभर काही नाही.

"आणि गड्डा उघडा ठेव रे, त्याला ऊन लागू दे," ती म्हणायची.

हे मला पटेना. हळदीचा गड्डा जरा दिसला तरी आपण मातीची भर देतो. मी आयरिसलाही शेणखताची चांगली भर दिली. पानं माजली, फूल एक नाही. ताईकडे मात्र दर माघात जांभळी फुलं. विचारलं की तेच उत्तर.

बायको हसायची. "वन्सं एक वेळ बांगड्या काढून देतील, खत नाही सांगायच्या."

तिची चेष्टा होती. मी ती मनाला लावून घेतली. सख्ख्या बहिणीने मला मुद्दाम फसवलं, हे तीन वर्षं धरून बसलो.

मग एका श्रावणात ताई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेली. कुंड्या पडवीत, कोरड्यात होत्या. बाईने दर चार दिवसांनी वाटीभर पाणी घालायचं आणि मी रविवारी जाऊन बघायचं, असं ठरलं. "काही घालू नकोस," असं तिने मला बजावलं होतं.

पहिल्याच रविवारी मी तिची कपाटं उघडली. राखेचा डबा, हाडांचा चुरा, बस्स. तरी मला वाटलं, खरं खत लपवून गेली असणार. पुढच्या रविवारी मी पेणहून पिशवीत युरिया नेला आणि प्रत्येक कुंडीत ओंजळभर टाकला. तिच्या फुलांसाठीच टाकतोय, असं मनाला सांगितलं.

महिन्याभरात गड्डे मऊ पडून कुजले. ताई आल्यावर मी म्हणालो, "बाईने पाणी फार घातलं." बारा वर्षं त्या घरात राबलेल्या बाईला ताईने काढून टाकलं.

गेल्या महिन्यात मी ताईला सगळं सांगितलं. सुपारी कातरता कातरता तिने अडकित्ता खाली ठेवला.

"ती तेव्हाच म्हणाली होती, कुंडीत युरियाचे दाणे आहेत म्हणून. भातशेतीतली बाई ती, तिला युरिया कळत नाही होय? मीच तिला म्हटलं, माझ्या भावावर आळ घेतेस?"

ज्या ताईवर मी संशय घेत होतो, ती माझ्यासाठी भांडली होती.

"माझ्याकडे बघू नकोस," ताई म्हणाली. "चप्पल घाल. तिच्याकडे जाऊ."

बाई अंगणात वाल निवडत होती. आम्हाला बस म्हणाली नाही. माझं ऐकून घेतलं आणि ताईकडे वळली.

"यांचं सोडा, हे पाव्हणे. तुमी मला बारा वर्सं बघत होतात ना?"

मीच विचारलं, आता काय करू?

"माझ्या पोरीच्या सासरी येऊन सांगा. आई कामावरनं घालवलेली बाई हाय, असं तिला तिथं आइकवतात."

रविवारी आम्ही तिघं नागोठण्याला गेलो. तिच्या व्याह्यांसमोर मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ते बिचारे ओशाळले, चहा घ्या म्हणाले.

"च्या नको," बाई म्हणाली. "इहीणबाई आत होत्या, त्यांनी आइकलं नाय. परत सांगा, दादा."

मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.