बादल्यांची शर्यत

मामाच्या तोंडाशी गेलेला पेला मुकादमाने काढून घेतला. सगळ्यांसमोर. हसत हसत म्हणाला, "खेळ संपला, धोंड्या. आता आपल्या जागेवर."

मग सरबताचा तांब्या माझ्या हातात दिला. "तू ओत याला. वरून."

मी ओतलं.

मामा वाकला, ओंजळ केली, प्यायला. कोकमाचं लाल पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्याने मान वर केली नाही. मी त्याचा सख्खा भाचा आहे, हे त्या मैदानात दोघांनाच ठाऊक होतं. त्याला आणि मला.

अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यातली ही गोष्ट. अस्पृश्यता कायद्याने जाऊन काही वर्षं झाली होती. आईबाप गेल्यावर मामाने मला जवळच्या खरवई गावात वाढवलं, लाकडं फोडून शिकवलं. मी कारकून झालो आणि खोली मिळावी म्हणून आडनाव बदललं. मामा त्याच कारखान्यात ओंडके उचलायचा. तिथे तो मला "अहो" म्हणायचा. मला त्याची सवयही झाली होती.

काडेपेटीच्या कारखान्यात आगीची भीती कायमची. म्हणून साहेब दरवर्षी बादल्यांची शर्यत लावायचे. विहिरीपासून पिंपापर्यंत माणसांची रांग, बादल्या हातोहात पुढे. ज्यांचं पिंप आधी भरेल तो संघ जिंकला. त्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "आज कुणी साहेब नाही, कुणी मजूर नाही. आपण एक कुटुंब."

खोटं कशाला बोलू, मजा आली. एकाच रांगेत मुकादम, मामा आणि मी. मुकादमाच्या हातातली बादली मामाच्या हातात. "शाब्बास धोंडीबा, हाण!" मुकादमच ओरडत होता. हेडक्लार्क घसरून चिखलात आपटले. मामाने त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि दोघं पोट धरधरून हसले. आम्ही जिंकलो. अशा खेळांनी माणसं जवळ येतात, या बोलण्याची मी आजही चेष्टा करणार नाही. पाव तास आलीच होती. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

त्यानंतर कित्येक महिने मी खरवईला गेलो नाही. लाज वाटते, असं स्वतःला सांगायचो. खरं तर खोली जाईल ही भीती होती. रात्रंदिवस मनाला खात होतं, तरी तोंड शिवलेलं.

पुढच्या वर्षी साहेबांनी मलाच संघाचा पुढारी केलं. रांग लागली. मामा शेवटून दुसरा. मुकादमाने पहिली बादली माझ्याकडे दिली. मी ती खाली ठेवली.

म्हणालो, "धोंडीबा माझा मामा आहे. त्याची जात तीच माझी. सरबत त्याला वरून ओतणार असाल, तर आधी माझ्या ओंजळीत ओता."

मुकादम आपल्या तळहातांकडे बघायला लागला. वर्षभर माझ्या हातचा चहा प्यायला होता तो. साहेब म्हणाले, "आज खेळाचा दिवस. हे विषय नकोत." मामाला आणि मला रांगेबाहेर काढलं. शर्यत झाली, टाळ्याही वाजल्या.

आठवड्याच्या आत घरमालकाने माझी वळकटी बाहेर टाकली. ती घेऊन खरवईला गेलो. मामाने चटई सरकवून जागा केली. मग म्हणाला, "तवा बोलाचा व्हता, पोरा."

एवढंच. माफ केलं म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

सरबताच्या त्या दिवशी मुकादम वाईट वागला. पण हात माझा होता. ते पाप मी साहेबाच्या किंवा मुकादमाच्या माथी मारणार नाही.

आता हजेरीपटावर माझं खरं आडनाव आहे. शर्यतीचं बोलावणं दरवर्षी येतं आणि दरवर्षी मी तेच उत्तर देतो. सरबत मामा स्वतःच्या हाताने घेईल, सगळ्यांच्या पेल्यांतलाच पेला उचलून, त्या दिवशी मी रांगेत येईन. तोवर मला कामाला बोलवा. खेळायला नाही.