माळावरचं पहिलं मूल

परवा नातवानं सोलापूरहून नवी घोंगडी आणली. ती अंगावर ओढली आणि लोकरीच्या उग्र वासाबरोबर मला बायडाक्का धनगरीण आठवली.

माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. केमजवळच्या उजाड माळावर आमची चार घरं वस्ती करायला आली, तेव्हा तिथं बायडाक्काचा मेंढवाडा आधीपासूनच होता. विहीर कुठं खणायची ते तिनंच माझ्या सासऱ्यांना दाखवलं. पाणी गोड लागलं. दुसऱ्या वर्षी ज्वारी हिरवीगार उभी राहिली आणि एका सकाळी सासरे तिला म्हणाले, "आक्का, मेंढ्या पिकात शिरत्यात. आता दुसरीकडं बघा."

ती भांडली नाही. "व्हय," एवढंच म्हणाली आणि वाड्याचे खुंट उपटायला लागली.

मला सातवा महिना होता. सासूबाईंनी माझ्या हाती ताकाचा तांब्या पाठवला. बायडाक्का उभ्यानंच ताक प्याली आणि पदरानं तोंड पुसत माझ्या पोटाकडं बघून म्हणाली, "भिऊ नगं पोरी. हितली हवा लेकराला मानवती. माजी दोनी हितंच झाली की."

मी रिकामा तांब्या घेऊन मागं फिरले.

माझा मुलगा आता म्हातारा झालाय. वस्तीवर जन्मलेलं पहिलं मूल म्हणून जत्रेत त्याला मानाचा फेटा बांधतात. फेटा बांधून तो माझ्या पाया पडायला येतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवते आणि दुसरीकडं बघते.